ही फक्त टॉवेल धरायला येणार होती

मंगळवार, २ एप्रिल

डॉक्टरांनी सही केली नाही.

गाडी शिकवण्याचा माझा परवाना जुलैत संपतो. नवा करायचा तर तब्येतीचा दाखला जोडावा लागतो. आजवर कधी अडलं नव्हतं. जुने डॉक्टर नाडी बघायचे, "काय म्हणतात तुमचे शिकाऊ?" असं विचारायचे आणि शिक्का उठवायचे. ते निवृत्त झाले. आता जे आलेत ते माझ्या जावयाच्या वयाचे आहेत (जावई अजून व्हायचाय, पण अंदाजाने). त्यांनी मला काट्यावर उभं केलं. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा बघितला. मग म्हणाले, "तीन महिन्यांनी या. वजन उतरवून या. तेव्हा सहीचं बघू."

मी म्हटलं, "आमचं घराणंच भारदस्त आहे."

"आणि रक्तदाब? तोही वडिलोपार्जित का?"

नवे आहेत. शिकतील.

खरं म्हणजे मी काही लठ्ठ नाही. आमचं काम बसून. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, एक पाय जादाच्या ब्रेकवर, जीव मुठीत. असल्या कामात माणसाने थोडं भरलेलं असावं, शेजारच्याला आधार वाटतो. हां, गेल्या आठवड्यात एका बाईंनी गिअर समजून माझी मांडी ओढली. पण गाडीच छोटी आहे, त्याला मी काय करू?

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला असते आणि तिथून आम्हाला चालवते. तिला फोनवर सांगितलं तर आधी हसली, मग म्हणाली, "बाबा, रोज लिहून काढा. काय खाल्लं, काय केलं. खरं खरं."

म्हणून हे लिहिणं. आज काय खाल्लं ते उद्यापासून लिहीन.

शुक्रवार, ५ एप्रिल

लेकीने परस्पर जिम लावून दिली. कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानाच्या वर आहे ती. आणि एकाची नाही, दोघांची.

ही म्हणाली, "मला कशाला मधे ओढता? माझं काय वजन वाढलंय?"

ते खरंच. ही म्हणजे काडी पैलवान. फुंकर मारली तर उडेल. पण मला एकट्याला तिथे जायची लाज वाटते, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. "तू काही करू नकोस. नुसती ये. माझा टॉवेल धर."

"तेवढं करीन," म्हणाली.

प्रश्न होता अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर लोकांच्या घरात फरश्या बसवल्या, त्यात गुडघे गेले. तीन वर्षांपूर्वी डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून स्वतःहून उठता येत नाही. जीभ तेवढी शाबूत आहे. संथ झाली, पण धार तीच. तर अण्णा साडेसातपर्यंत झोपलेले असतात आणि जिम सहाची. खालच्या मजल्यावरच्या मावशी तोवर येऊन बसायला तयार झाल्या. त्यांना नाहीतरी पहाटे उठून भांडायला कोणी नसतं.

अण्णांचं एरवी सगळं ही बघते. माझी कंबर नाजूक. सुरुवातीला एकदाच त्यांना उठवायला गेलो तर उसण भरली, आणि आठवडाभर घरात दोन आजारी झाले. तेव्हापासून हिने मला त्यात पडू दिलं नाही. पण मी माझा वाटा उचलतो. संध्याकाळी घरी येतो तेव्हा अण्णा धुतलेल्या सदऱ्यात, भांग पाडून, खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसलेले असतात. मी त्यांना बातम्या वाचून दाखवतो. रोज. कंटाळा न करता. मग मी आंघोळीला जातो आणि बाहेर येईपर्यंत अण्णा पलंगावर झोपलेले असतात. रविवारी मात्र जमत नाही. नोकरदार लोक रविवारीच गाडी शिकतात.

सोमवार, ८ एप्रिल

पहिला दिवस. देव कुठून कसा सूड घेईल सांगता येत नाही.

जिमची कोच कोण निघावी? माझी शिकाऊ! दुपारी चारच्या बॅचची. परीक्षेत दोनदा नापास झालेली. चढावर गाडी थांबवायची म्हटलं की तिच्या तळहातांना घाम फुटतो. गेल्याच महिन्यात मी तिला म्हटलं होतं, "बाई गं, क्लच आहे तो, मेलेला उंदीर नाही. पूर्ण पाय ठेव."

आज ती ट्रेडमिलशेजारी हाताची घडी घालून उभी राहिली आणि म्हणाली, "काका, पाय आहे तो, ओंडका नाही. उचला."

सकाळी काका, दुपारी सर. कसं निभवायचं?

ट्रेडमिल म्हणजे एक पट्टा असतो, तो खालून पळतो आणि आपण जिथल्या तिथे. मी चालत होतो, ती वेग वाढवत होती. जादाचा ब्रेक माझ्याकडे नव्हता. नंतर तिने मला जमिनीवर आडवं पाडून काहीतरी करायला लावलं, त्यातून मी एकट्याने उठू शकलो नाही. एका अनोळखी पोराने आणि हिने मिळून उठवलं. पोरगा धापा टाकत होता. ही नाही, पण तिने बहुधा नुसता हात लावला असावा.

ही बाकीचा वेळ बाकावर मांडीवर पर्स आणि टॉवेल घेऊन बसली होती. कोचने विचारलं, "काकूंना नाही का करायचं?"

मी म्हटलं, "तिला झेपणार नाही. ती घरातच असते."

हिने टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

मंगळवार, ९ एप्रिल

हात वर होत नाहीत. शर्ट हिने घातला. मोजेही. अण्णा पलंगावरून बघत होते. म्हणाले, "रांगेत ये. आधी माझा नंबर."

गुरुवार, १८ एप्रिल

आज एक गंमत झाली.

कोच मला जमिनीवरचा बार उचलायला शिकवत होती. त्या प्रकाराचं नाव डेडलिफ्ट. नावातच सगळं आलं. मी वाकलो की ती ओरडायची, "कंबरेतून नाही काका! गुडघे! बार अंगाजवळ! लांबून ओढू नका!" मी आपला लांबूनच ओढत होतो, कारण मधे पोट येतं. शेवटी ती दमून पाणी प्यायला गेली. ही बाकावरून उठली. म्हणाली, "अहो, सरका जरा."

पर्स खाली ठेवली. पदर खोचला. बारच्या अगदी जवळ गेली, एक पाय किंचित पुढे, गुडघ्यात बसली, मान वर, आणि असा उचलला की जणू दाराशी आलेली दुधाची पिशवी. मग हळूच वळली. वळायचं कोणी सांगितलं नव्हतं. वळून, जपून, आवाज न करता खाली ठेवला.

कोच पाण्याची बाटली तशीच तोंडाशी धरून उभी. "काकू, हे कुठे शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? रोजचंच आहे."

"आणि ठेवलात किती अलगद! इथे सगळे आपटतात."

ही हसली. "याला बरं आहे. हा लाजत नाही."

बार कसा लाजेल? ही कधी कधी काहीतरीच बोलते. मी कोचला समजावलं की बाजाराच्या पिशव्या उचलून बायकांना सवय असते. कोच माझ्याकडे बघत राहिली. मग तिने बारला दोन्ही बाजूंनी आणखी चकत्या लावल्या आणि हिला म्हणाली, "पुन्हा."

टॉवेल धरायला आज कोणी नव्हतं. मी शर्टाला घाम पुसला.

बुधवार, २४ एप्रिल

खाणं: सकाळी उकडलेली अंडी. दुपारी काकडी. चार वाजता काही नाही.

चार वाजता एक क्रीमरोल. लेकीने खरं लिहायला सांगितलंय.

त्याचं असं झालं की कोच गाडी चालवत होती, आणि मी तिला दोन गाड्यांच्या मधे गाडी लावायला शिकवत होतो. ती जागा बेकरीसमोर आहे. लावून झाली, मी "मागचं चाक बघून येतो" म्हणून उतरलो. परत आलो तर ती समोर बघत म्हणाली, "सर, आपण पार्किंग नेहमी इथेच का शिकतो?"

"इथे जागा अवघड आहे."

"तुमच्या मिशीला क्रीम लागलंय."

उरलेला रस्ता ती मुद्दाम खड्ड्यांतून चालवत होती असा मला संशय आहे. सिग्नलला थांबल्यावर मात्र वेगळंच विचारलं. "सर, काकू घरी कोणाला उचलतात का?"

म्हटलं, "छे गं. आता घरात लहान मूल कुठे आहे?"

सिग्नल हिरवा झाला तरी ती निघाली नाही. मागच्याने हॉर्न वाजवला. म्हणूनच ती नापास होते.

शनिवार, ४ मे

काटा सरकलाय, पण इतका लाजत सरकलाय की डोळे बारीक करून बघावं लागतं. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, एवढं खरं. आणि जिना चढताना मधल्या मजल्यावर मी जो सूचनाफलक वाचायला थांबायचो, तो फलक आता पाठ झालाय, थांबायची गरज नाही.

हिचं मात्र विचारू नका. जिममधली पोरं बाजूला होऊन तिला जागा देतात. परवा एकाने मला विचारलं, "तुम्ही त्यांच्याबरोबर असता ना?" अठ्ठावीस वर्षं संसार केला, ही ओळख आता मिळाली. मी कोचला म्हटलं, की आपण इथे वजन उतरवायला येतो, चढवायला नाही. ती म्हणाली, "तुम्ही उतरवा ना काका. कोण अडवतंय?"

आज कोचने कागद आणला. शेजारच्या गावातल्या क्रीडागृहात एकोणीस तारखेला बायकांची वजन उचलण्याची स्पर्धा आहे. पन्नाशीच्या पुढच्यांचा वेगळा गट. तिला हिचं नाव घालायचंय.

ही लगेच, "नाही हो. अख्खा दिवस जाईल. अण्णांचं कोण करणार? मावशीही मुलाकडे जाणार त्या आठवड्यात."

मला तिचा चेहरा दिसला. नाही म्हणत होती आणि कागद मात्र हातातून सोडत नव्हती. मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "जा की. एक रविवार मी सुट्टी घेतो. अण्णांचं मी बघीन. त्यात काय एवढं?"

घरी आल्यावर ती सांगायला लागली: खुर्ची उजव्या अंगाला लावायची, चांगला पाय तिकडे आहे, आधी त्यांना काठाशी आणायचं, मग... मी म्हटलं, "अगं, मी माणसांना गाडी शिकवतो. तू मला खुर्ची शिकवतेस?"

अण्णा पलंगावरून म्हणाले, "सूनबाई, तू जाच. मला बघायचंय."

रविवार, १९ मे

हे सगळं लिहायला हवं.

कोच हिला न्यायला आली तेव्हा अण्णा झोपले होते. पहिल्या बसने दोघी गेल्या. हिने नवे बूट घातले होते. दारातून तीनदा मागे वळली. मी म्हटलं, "आरसा बघ, सिग्नल दे आणि निघ."

अण्णा जागे झाले. तोंड पुसलं, चहा पाजला. सगळं छान. मी म्हटलं, "चला अण्णा, खुर्चीत बसू." खुर्ची आणली. पलंगाच्या डाव्या बाजूला जागा मोकळी होती, तिकडे लावली. अण्णा काहीतरी म्हणू लागले, मी म्हटलं, "तुम्ही बोलू नका, दमाल." त्यांच्या काखेत हात घातले आणि ओढलं. लांबून.

अण्णा अर्धे उठले. खुर्चीच्या कडेवर टेकले. आणि खुर्ची मागे निघाली. शांतपणे, कुरकुर न करता, सरळ रेषेत खोलीच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली.

अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "मास्तर, ब्रेक."

मग आम्ही दोघं खाली बसत गेलो. पडलो नाही म्हणायला हवं, घसरत गेलो, पलंगाला पाठ घासत. आधी मी फरशीवर, माझ्यावर अण्णा.

"लागलं का? अण्णा! लागलं का कुठे?"

"नाही. तू खाली होतास." थोडा वेळ श्वास घेतला. "मऊ आहेस."

मी त्यांना उठवायचा प्रयत्न केला. पुढून, मागून, बाजूने. जिममध्ये शिकवलेलं काहीच आठवेना. जे आठवत होतं ते बारचं होतं, आणि बारला ढिला पडलेला हात नसतो, बार "आई गं" म्हणत नाही. तिसऱ्या वेळी ते म्हणाले. मी थांबलो.

फोन काढला. अण्णांनी चांगल्या हाताने माझं मनगट धरलं.

"कोणाला?"

"हिला. नाहीतर कोणाला?"

"ठेव."

"अण्णा, तुम्ही फरशीवर आहात!"

"मी चाळीस वर्षं फरशीवर होतो. ठेव तो. आज तिच्यासाठी कोणीतरी टाळ्या वाजवणारे. इथे कोण वाजवतं?"

मी फोन ठेवला.

शेजाऱ्यांना हाक मारू म्हटलं, तर त्यालाही नको म्हणाले. मग काय करणार? उशा आणल्या, पाठीला लावल्या. गोधडी खाली सरकवली. ब्रेड आणि अंडी आणली, आम्ही तिथेच जेवलो. मधे त्यांना लघवीला लागली. भांडं कुठे असतं ते त्यांनी सांगितलं, मला माहीत नव्हतं. धरायचं कसं तेही. अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, मी खिडकीकडे. झाल्यावर म्हणाले, "ती त्या वेळी भाजीचे भाव सांगते. मोठ्याने. म्हणजे मला ऐकू येत नाही."

"काय ऐकू येत नाही?"

"माझंच."

मी ते भांडं धुऊन आणलं. बराच वेळ धुतलं.

परत आलो तर अण्णा वाकून पलंगाखाली बघत होते. म्हणाले, "ती भिंतीकडून तिसरी फरशी बघ. तिरकी आहे."

खरंच तिरकी होती. सुतभर. घर घेतलं तेव्हा त्यांनीच बसवलेली.

"तेव्हाच कळलं होतं. संध्याकाळ झाली होती, सिमेंट सुकत आलं होतं. म्हटलं, वर पलंग येणार, कोण बघतंय? एवढी वर्षं कोणी बघितली नाही." मग हसले. "ती खाली वाकून पुसते. तिने पहिल्याच महिन्यात विचारलं होतं."

दुपारी त्यांना माझ्या खांद्यावर झोप लागली. माझा पाय बधिर झाला होता, पण हललो नाही. आतापर्यंत इतक्या जवळून मी त्यांना पाहिलंच नव्हतं. कानाखाली नुकतीच दाढी केल्यासारखं गुळगुळीत होतं. मी दाढी करतो तेव्हा माझी कानाखालची राहते.

ऊन उतरल्यावर दार वाजलं. आधी हिचे नवे बूट दिसले, मग कोचचे. ही दारात थांबली. आम्ही दोघं फरशीवर, शेजारी अंड्यांची टरफलं.

मला वाटलं, ओरडेल. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, खुर्ची आणली, उजव्या बाजूला लावली, पायाने ब्रेक दाबला. कोचला म्हणाली, "तू मागून कंबरेला धर." मला म्हणाली, "तुम्ही पाय सांभाळा. ओढू नका, नुसते सांभाळा." आणि अण्णा वर गेले. खुर्चीत. सदरा सारखा केला, केसांवरून हात फिरवला.

अण्णांनी विचारलं, "कितवी?"

"दुसरी."

"पहिली कोण?"

"एक सुतारीण होती. तिचे दंड बघायला हवे होते तुम्ही, अण्णा."

मी अजून फरशीवरच होतो. कोणीतरी काही बोलावं म्हणून मी म्हणालो, "मला वाटलं नव्हतं इतकं अवघड असेल."

ही माझ्याकडे वळली. रागाने नाही. गंमत वाटल्यासारखीच, पण डोळे भरलेले. "मग तुम्हाला काय वाटलं होतं? अण्णा खुर्चीत उगवतात?"

सोमवार, २० मे

जिमला गेलो नाही.

हिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. आज लक्षात आलं. विचारलं कधीपासून, तर म्हणाली, "असेल. चहा घेता का?"

बुधवार, २२ मे

कोचला सांगितलं, "वजन उतरवायचं राहू दे. मला एक माणूस उचलायचाय."

ती म्हणाली, "माहितीये, काका." मग म्हणाली, "मी तुमची वाटच बघत होते." आणि वळून उगाचच चकत्या मांडत बसली.

शुक्रवार, ७ जून

कोचने वाळू भरून एक पोतं तयार केलंय. ढिलं, गळपटणारं, कुठून धरावं कळू नये असं. जिममधले लोक आरशासमोर दंड फुगवतात, मी कोपऱ्यात पोत्याला मिठी मारून उभा असतो. काल एका पोराने फोटो काढला. काढू दे.

"जवळ घ्या काका. अजून जवळ. लाजताय काय, पोतंच आहे."

ही शेजारी उभी राहून बारकावे सांगते. कोचपेक्षा कडक आहे. "हात सदऱ्याला धरू नका, पाठीला धरा." "आधी डोलवायचं. एक झोका, दोन झोके, तिसऱ्याला उठायचं." "आणि सांगून उचलायचं. न सांगता उचललं की माणूस घाबरतो." गुडघ्यांचा मुद्दा आला की दोघी एकदम ओरडतात.

मी घरी म्हटलं, "आता अण्णांवर करून बघू?" अण्णा म्हणाले, "माझ्यावर सराव नको. आधी पोत्यावर पास हो." आणि हीही म्हणाली, "राहू द्या ना. माझं चाललंय की." मी म्हटलं, "तुझा खांदा." ती भांडी आवरता आवरता म्हणाली, "मग सकाळी मी काय करायचं?"

मी फडकं घेऊन एक भांडं पुसायला लागलो.

दुपारी चारला कोच तिसऱ्यांदा परीक्षेला गेली. चढावर गाडी मागे आली. नापास. परतताना रडली. एरवी मी तिला ऐकवलं असतं. आज म्हटलं, "गाडी बाजूला घे. इथे बेकरी आहे." तिने निमूटपणे दोन गाड्यांच्या मधे लावली, एका झटक्यात, सरळ. तिच्या लक्षातही आलं नाही. दोघांनी क्रीमरोल खाल्ले. लेकीसाठी: होय, मीही एक.

मंगळवार, २ जुलै

डॉक्टरांनी पट्टा एकदाच बांधला. काट्याकडे बघून म्हणाले, "सांगितलं होतं त्यापेक्षा कमीच उतरलंय."

म्हटलं, "हो."

"पण रक्तदाब चांगला आहे. काय करता? चालता?"

"पोतं उचलतो."

त्यांनी मान वर केली, मी आणखी काही सांगतो का ते बघितलं आणि सही केली. सहा महिन्यांची, पुन्हा यायच्या अटीवर. मागच्या वेळेइतके लहान वाटले नाहीत.

शनिवार, ६ जुलै

आज पोत्यावर पास. सलग, न अडखळता, दोघी बघत असताना. उद्या रविवार आहे. मी ऑफिसला कळवलंय की यापुढे रविवारी सकाळच्या बॅच घेणार नाही. मालक म्हणाले, "तब्येत?" म्हटलं, "घर."

हिला सांगितलं, उद्या उठायचं नाही. काही झालं तरी. आवाज आला तरी. ती म्हणाली, "बघू." मी म्हटलं, "बघू नाही. शपथ घे." शपथ घेतली, पण तोंड वाकडं करून.

रविवार, ७ जुलै

साडेसातला अण्णांच्या खोलीत गेलो. ते जागेच होते. बहुधा मुद्दाम लवकर जागे झालेले. माझ्याकडे असे बघत होते जसा मी परीक्षेच्या दिवशी शिकाऊकडे बघतो.

खुर्ची उजवीकडे. ब्रेक. तपासला, पुन्हा तपासला. त्यांना कुशीवर वळवलं, काठाशी बसवलं, पाय जमिनीला टेकवले. माझा पाय त्यांच्या पायांच्या मधे. जवळ गेलो. अजून जवळ. त्यांच्या तोंडाला झोपेचा वास होता. हात पाठीवर घेतले.

"अण्णा, उचलतोय."

"थांब."

"काय झालं?"

"ती त्या वेळी गुणगुणते."

"काय गुणगुणते?"

"कसलंतरी. तिला माहीत नाही की मला ऐकू येतं. पण बरं वाटतं." वाट बघायला लागले. "म्हण."

मी आयुष्यात कधी गायलो नाही. गाडीत शिकाऊंना रेडिओही लावू देत नाही. आणि ही अजूनही गुणगुणते हे तर मला आजच कळलं. पण माणूस मिठीत धरलेला, आता मागे फिरणार कसं? घशातून निघालं ते सोडलं. लेक लहान असताना तिला झोपवायला ही जे म्हणायची, त्यातलं जे काही आठवत होतं ते. एक झोका. दोन झोके. तिसऱ्याला अण्णा उठले.

उभे राहिले. उजव्या पायावर, आणि बाकीचे माझ्यावर. हनुवटी माझ्या खांद्यात. मला वाटलं होतं जड असतील. इतके हलके होते की मी घाबरलो, आणि घाबरल्यावर गाणं बंद पडलं.

अण्णा कानाशी म्हणाले, "सूर सोडलास तरी चालेल. मला सोडू नकोस."

मी पुन्हा सुरू केलं, आणि वळलो. हळू, पायापायाने, जसं तिने पहिल्यांदा बार घेऊन वळून दाखवलं होतं तसं नाही, त्याच्या चौपट वेळ लावून. अण्णा खुर्चीत बसले. आवाज झाला नाही.

"अहो, चाल चुकतेय!" ही पलीकडच्या खोलीतून ओरडली.

पण उठली नाही.